मंडपवाल्या ट्रेलरवर काढता-घालता येणारा कॅम्पर करायचाय, सल्ला द्या (काम सुरू झालं की अपडेट पण टाकीन)

भांडुपकर

नमस्कार मंडळी. भावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्याच्याकडे एक छोटा दोनचाकी ट्रेलर आहे. बॉडी ७ फूट बाय ४ फूट, बाजूच्या फळ्या निघतात, खाली मारुती ओम्नीचे स्प्रिंगचे पाटे आणि १२ इंची चाकं. पासिंग झालेलं आहे, आरसी आणि इन्शुरन्स दोन्ही चालू. गणपती-नवरात्रात तो एक दिवस रिकामा नसतो, जनरेटर, स्पीकर, लाइटच्या पेट्या सगळं त्याच्यावरच जातं. पण दिवाळीनंतर होळीपर्यंत बराच वेळ नुसता उभा असतो, आणि आपल्याकडे बाहेर झोपायला जायचा सीझन नेमका तोच.

तर डोक्यात असं आहे की त्याच्यावर बसेल असा एक झोपायचा डबा बनवायचा, दोन माणसं आडवी होतील, मागचं दार वर उचललं की खाली ओटा आणि शेगडी, बस. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून टिअरड्रॉप नावाचे छोटे कॅम्पर आहेत त्याच धर्तीवर, फक्त आपला डबा ट्रेलरला कायमचा जोडलेला नको. लग्नाची ऑर्डर आली आणि भाऊ म्हणाला उद्या सकाळी ट्रेलर पाहिजे, तर रात्री डबा उतरवून मोकळं करता आलं पाहिजे. ही एक अट सोडली तर बाकी सगळ्याला माझी तयारी आहे.

ओढायला बोलेरो आहे, ५० एमएमचा बॉल असलेला हूक लावलेला आहे. फॅब्रिकेटर ओळखीचा आहे, सुतार पण आहे. सुतार म्हणतोय १९ एमएमच्या प्लायमध्ये फर्स्ट क्लास करून देतो, आतून-बाहेरून मायका लावून. फॅब्रिकेटर म्हणतोय सगळा सांगाडा दोन इंची एमएस (लोखंडी) पाइपचा करू, शंभर वर्षं टिकेल. कोणाचं ऐकू?

सुतारकी

दोघांचंही ऐकू नका भाऊ, आधी वजन काढा.

तुमचा डबा ७ फूट लांब, ४ फूट रुंद, समजा ४ फूट उंच. तळ, छत, चार बाजू मिळून साधारण १३ चौरस मीटर होतं. १९ एमएम प्लाय चौरस मीटरला १२ किलोच्या वर जातो, म्हणजे नुसता प्लाय १६० किलो. त्याला दोन्हीकडून १ एमएमचा मायका लावला की अजून ३५ किलो. म्हणजे दार, बिजागऱ्या, गादी, काहीही न घालता रिकामा डबा २०० किलोला टेकला. आणि त्यात फॅब्रिकेटरचा दोन इंची पाइप आला की तो डबा उतरवायला हायड्रा क्रेन बोलवायला लागेल. सुतार वाईट नाहीये हां, तो किचन ट्रॉली आणि वॉर्डरोब करतो, तिथे जड म्हणजे मजबूत असंच असतं. इथे उलटं आहे.

मी सांगतो तसं करा. बाहेरून ४ एमएमचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का बघूनच घ्या, मध्ये २५ एमएमचा एक्सपीएस (कडक शीटवाला) फोम, आतून ३ एमएमचा प्लाय, आणि मधे जिथे जिथे जोड येणार तिथे २५ एमएमच्या लाकडी पट्ट्या. तिन्ही एकत्र चिकटवून दाबून ठेवले की ते पॅनल इतकं ताठ होतं की विश्वास बसत नाही. चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आत बसतं, पट्ट्या धरून आख्खा डबा ८५ किलोच्या आसपास. शिवाय फोममुळे दुपारचं ऊन आत येत नाही आणि पहाटे छताला पाणी कमी धरतं. फक्त तळ ९ एमएमचा घ्या, गुडघे टेकवून आत शिरताना सगळा भार एका जागी येतो.

जुना_मेकॅनिक

वरच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. अजून एक, डबा चार माणसांनी उचलता आला पाहिजे ही अट कागदावर सगळ्यात वर लिहा. बाकीचे सगळे निर्णय त्याच्याखाली. १२० किलो भरला तर माणशी ३० किलो, चार धडधाकट माणसं उचलतात. २०० झाला की तुमचा काढता-घालता येणारा कॅम्पर पहिल्या सीझननंतर कायमचा ट्रेलरवरच बसतो आणि मग भावाभावांत वाद. मी असे दोन प्रोजेक्ट बघितलेत, दोन्ही आता कोणाच्या तरी फार्महाऊसवर सामानाची खोली झालेत.

ट्रेलरबद्दल. ओम्नीचे पाटे असतील तर चांगलं आहे, पण टायर कुठले आहेत ते बघा. मारुती ८०० चे १४५/७० आर १२ टाकलेले असतील तर काढा आणि ओम्नीचे १४५ आर १२ एलटी घाला, ते भार वाहायला बनवलेले आहेत. चाकं काढून बेअरिंग धुवा, नवीन ग्रीस भरा, ऑइल सील बदला. मंडपाचं काम म्हणजे भांडुप ते घाटकोपर, हळू चालवायचं. तुम्ही आता त्याला कसारा घाट दाखवणार, तास-दीड तास सलग ६० नी पळवणार. बेअरिंगला तो फरक कळतो. रस्त्यात चहाला थांबलात की हबला हात लावून बघायची सवय करा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस संपलंय, पुढे जाऊ नका.

काळा_कोट

एक कायद्याची बाजू मांडतो, कारण अशा धाग्यांवर ती शेवटी येते आणि तोवर वेल्डिंग झालेलं असतं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मधली मोटार वाहनाची व्याख्या वाचा, त्यात ट्रेलर येतो. इंजिन नसलं तरी कायद्याच्या नजरेत तो मोटार वाहनच. म्हणून त्याला रजिस्ट्रेशन लागतं, थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतो. तुमच्याकडे दोन्ही आहे हे फार चांगलं, बरेच जण फॅब्रिकेटरकडून विनापासिंगचा ट्रेलर घेतात आणि मग अडकतात. दुसरं, ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसलाच पाहिजे, हे कलम ६१ मध्ये आहे. डब्याचं मागचं दार किंवा ओटा त्या पाटीवर किंवा टेललाइटवर येणार नाही हे ड्रॉइंगमध्येच बघून घ्या.

आता महत्त्वाचं. कलम ५२ सांगतं की आरसीवर जे तपशील आहेत त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ह्याच कलमावर निकाल देताना ते कडक अर्थाने लावलं. तुमच्या आरसीवर उघडी बॉडी असेल आणि तुम्ही त्यावर डबा वेल्ड केला, तर ते बदलच. म्हणून तुमची काढता येण्याची अट भावासाठी असली तरी ती तुमच्या पण फायद्याची आहे. चॅसीला एक भोक पाडू नका, वेल्डिंगचा टाका मारू नका. डबा हे ट्रेलरवर बांधलेलं सामान राहू द्या, रॅचेट पट्ट्यांनी आवळलेलं, ट्रेलरच्या रुंदीच्या आत आणि आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत. आणि आरटीओत एकदा ड्रॉइंग घेऊन जा, जे उत्तर मिळेल ते लेखी मागा. बोलेरोच्या इन्शुरन्सवाल्यांना पण ट्रेलर ओढतोय हे ईमेलवर कळवून ठेवा.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, लहान मुलांना तर अजिबात नाही. पाच मिनिटांचा रस्ता असला तरी नाही.

भांडुपकर

कमाल माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. १९ एमएम कॅन्सल. सुतार जरा नाराज झाला पण त्याला दोन फुटाचं सँडविच पॅनल करून दाखवलं आणि दोन विटांवर ठेवून त्याच्यावर उभा राहिलो, मग तोच म्हणाला असंच करू.

आरसीवर एकूण वजन ७५० किलो आहे, रिकामा ट्रेलर २२०. म्हणजे कागदावर भरपूर जागा आहे पण मी सगळं धरून ४५० च्या वर जाणार नाही असं ठरवलंय, कारण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. बरोबर विचार करतोय ना?

जुना_मेकॅनिक

एकदम बरोबर. युरोपात विनाब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलो ही वरची मर्यादा आहे आणि शिवाय तो ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जड नको. पण ती वरची मर्यादा आहे, आपल्या घाटात उतरताना बोलेरोचेच ब्रेक दोघांना थांबवणार, म्हणून जेवढं कमी तेवढं बरं. चढताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्यात किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा नाही.

आता हूकवरचा भार. ह्यावर लोक अजिबात लक्ष देत नाहीत आणि खरा धोका तिथेच आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हूकवर यायला पाहिजे, म्हणजे ४५० ला ४५ ते ६५ किलो. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर हूकला वर उचलतो, गाडीची मागची चाकं हलकी होतात, आणि ७०-८० च्या स्पीडला ट्रेलर डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागतो. एकदा हलायला लागला की प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. तेव्हा करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, सरळ धरायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा.

मोजायला सोपं आहे. सगळं सामान भरा, सपाट जागेवर उभा करा, घरातला वजनकाटा एका लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि ट्रेलरचं तोंड हूकच्याच उंचीवर त्या काट्यावर टेकवा. आकडा कमी आला तर बॅटरी पुढे सरकवा. पाण्याचा कॅन मात्र बरोब्बर अ‍ॅक्सलच्या वर, कारण ४० लिटर म्हणजे ४० किलो आणि तो रस्त्यात रिकामा होत जातो, पुढे किंवा मागे ठेवलात तर सगळं गणित बदलत राहील.

एकूण वजनासाठी रिकामा ट्रक मोजतात त्या वजनकाट्यावर नेऊ शकता पण तो पाच-दहा किलोच्या पटीतच दाखवतो, तेवढं लक्षात ठेवा.

वायर_आणि_फ्यूज

लाइटचं मी बघतो. सात पिनचा सॉकेट असेल तर रंग असे: पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा इंडिकेटर, लाल ब्रेक, काळा डावी टेललाइट, तपकिरी उजवी टेललाइट, पांढरा अर्थिंग, निळा मागचा फॉगलाइट. हा स्टँडर्ड झाला, पण मंडपाच्या ट्रेलरवर आजवर किती जणांनी हातातली मिळेल ती वायर जोडली असेल सांगता येत नाही, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पिन तपासा. आणि पांढरी अर्थ वायर गाडीपर्यंत स्वतंत्र न्या. बरेच जण अर्थ हूकच्या लोखंडातून घेतात, बॉलवर ग्रीस असतं, गंज असतो, मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो.

आतल्या लाइट-पंख्यासाठी घरातली इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर बॅटरी टाकू नका, सगळे तीच टाकायला निघतात. १५० एएचची ती बॅटरी ५५-६० किलोची असते, म्हणजे तुमच्या अर्ध्या डब्याएवढी. हिशोब करा: २० वॉटचे दोन पंखे रात्रभर ८ तास, ३२० वॉट-अवर. दिवे ४०, मोबाइल चार्जिंग ६०. एकूण ४२० झालं. ५० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० वॉट-अवर देते आणि साधारण ६ किलोची असते. रोज गाडी दोन-तीन तास चालणार असेल तर गाडीतून डीसी-डीसी चार्जर लावून ती भरते. सरळ वायर जोडून अल्टरनेटरवर लिथियम लटकवू नका. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्हवर. प्लाय आणि फोमच्या डब्यात शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

पंख्याबरोबर दोन छोटे १२० एमएमचे कॉम्प्युटरचे फॅन पण घ्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, दोन-तीन वॉट खातात. एक खाली हवा आत घेणारा, एक वर बाहेर टाकणारा, दोन्हीला बारीक मच्छरजाळी.

निलमोहर

ह्या हवेच्या मुद्द्यावर मला जोर देऊन लिहायचंय. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात तेवढ्याने पण बंद डब्यात भिंती ओल्या होतात, कोकणात तर विचारूच नका. आणि शेगडी कधीही आत पेटवायची नाही, थंडी कितीही असो, शेगडी काय, कोळशाची शेकोटी विझत आलेली असली तरी आत घ्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत पण नाही. सिलिंडर छोटा पाच किलोचा असला तरी तो झोपायच्या भागात नको, मागच्या ओट्याखाली वेगळा कप्पा करा आणि त्याला तळाशी भोकं ठेवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालून निघून गेला पाहिजे.

दार फक्त एका बाजूला ठेवताय का? दोन्ही बाजूंना करा भाऊ. एक तर मधल्या माणसाला ओलांडून उतरायला लागत नाही आणि दुसरं म्हणजे आग किंवा काही झालं तर दुसरा रस्ता पाहिजे. आतून कडी आणि बाहेरून कुलूप असं असेल तर बाहेरचं कुलूप लागलेलं असताना आतून उघडता येतं का ते नक्की बघा.

बायकांच्या दृष्टीने अजून एक. टॉयलेटची सोय बघूनच मुक्कामाची जागा ठरवा. आम्ही कोकणात घरगुती निवासवाल्यांना आधी फोन करून विचारतो की अंगणात गाडी लावून झोपलो तर चालेल का, बाथरूम वापरू, जेवण तुमच्याकडेच घेऊ. बहुतेक जण हो म्हणतात, पैसे पण माफक घेतात, आणि रात्री निवांत झोप लागते. एकट्या निर्जन जागेपेक्षा हे शंभर पटीने चांगलं. माशाचं जेवण मिळतं ते वेगळंच.

दर्यावर

पाण्याचं बोला कोणीतरी. मुंबईत चार महिने पाऊस, डबा उघड्यावर ठेवणार असाल तर ४ एमएम प्लाय एका पावसात फुगेल, मरीन असला तरी. मरीन प्लायचा गोंद पाण्याला टिकतो, कडा पाणी पितातच.

आमच्याकडे उत्तन-वसई बाजूला लाकडी होड्यांना फायबर मारणारे कारागीर आहेत, त्यांच्यापैकी कोणाला तरी गाठा. बाहेरून सगळीकडे रेझिन आणि एक थर फायबरची मॅट, कोपऱ्यांवर दोन थर. पण मॅट मारायच्या आधी कोपरे गोल करून घ्या, फायबर काटकोनात बसत नाही, आत हवा राहते आणि तिथूनच सुटतं. वजन दहा-पंधरा किलो वाढेल पण डब्याचं आयुष्य वाढेल. खिडकी आणि व्हेंटच्या भोकांच्या आतल्या कडांना पण रेझिन पाजा, लोक नेमकं तेच विसरतात. खिडक्यांच्या फ्रेमखाली सिलिकॉन नको, पीयू सीलंट घाला. दाराच्या वर पागोळी काढा, साधी अ‍ॅल्युमिनियमची अर्धा इंच बाहेर आलेली पट्टी चालेल, नाहीतर छतावरून ओघळलेलं पाणी सरळ दाराच्या फटीत जातं.

स्क्रू-बिजागऱ्या समुद्राजवळ नेणार असाल तर स्टेनलेसच, ३१६ ग्रेडचं मिळालं तर उत्तम, ३०४ पण चालतं पण त्यावर तांबूस डाग येतात. आणि कृपा करून ट्रेलर पुळणीवर घालू नका. ओहोटीला वाळू घट्ट वाटते, गाडी आत जाते, भरती आली की रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतात. दरवर्षी बघतो.

भांडुपकर

अपडेट. डबा उभा राहिला! फायबरवाले काका वसईचे मिळाले, त्यांनी फार मनापासून काम केलं. कोपरे गोल करायला मी आणि माझा पुतण्या पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो.

बांधायची सिस्टिम अशी केली: डब्याच्या तळाखाली दोन लांबीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी ट्यूब, त्या ट्रेलरच्या तळाच्या फळ्यांवर टेकतात, मधे रबराची पट्टी. बाजूच्या फळ्या ज्या खाचांमध्ये उभ्या बसतात त्याच खाचांमध्ये डब्याचे चार लाकडी खुंटे बसतात, त्यामुळे डबा पुढे-मागे-बाजूला सरकत नाही आणि ट्रेलरला एकही भोक पाडलेलं नाही. वर उचलला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्ट्या. पट्टीचे आय-बोल्ट प्लायमध्ये नाहीत, तळाच्या ट्यूबमध्ये आरपार आहेत. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलच्या मधे नायलॉनचे वॉशर घातले, दर्यावर दादांनी फोनवर सांगितलं म्हणून.

रिकामा डबा ११२ किलो. चौघांनी उचलला, मी स्वतः एका कोपऱ्याला होतो, जड आहे पण उचलला जातो.

आता अडचण ही आहे की चार माणसं नेहमी कुठून आणायची. सोसायटीत पार्किंगचा जेमतेम एक स्लॉट आहे, तिथे बोलेरो उभी असते. ट्रेलर भावाच्या गोदामात राहतो, डबा पण तिथेच ठेवणार. रात्री अकराला फोन आला तर एकट्याने किंवा दोघांनी उतरवता येईल असं काही आहे का?

सुतारकी

परदेशात पिकअपवरच्या डब्यांना कोपऱ्याला जॅक असतात, चारही वर फिरवायचे, डबा उचलला गेला की खालून गाडी काढून घ्यायची. तेच करा पण आपल्या पद्धतीने. सेंटरिंगवाल्यांकडे जे आट्यांचे जॅक असतात ना, परांचीच्या आणि स्लॅबच्या कामाला लागतात ते, खाली चौकोनी प्लेट आणि वर फिरवायची चकती, ते चार घ्या. भाड्याने पण मिळतात. डब्याच्या चार कोपऱ्यांना तळाच्या ट्यूबवर बाहेर आलेले कान करून घ्या, त्यात जॅक लागलेले पाइप बसवायचे. एकेक कोपरा थोडा थोडा वर घ्यायचा, एकच कोपरा एकदम उचलला तर डबा पिळला जातो आणि दार बसत नाही मग. कान एवढे लांब घ्या की चारही पाय ट्रेलरच्या चाकांच्या बाहेर पडतील. वाऱ्याच्या जागी करू नका आणि डबा फक्त पायांवर असताना कोणीही आत चढायचं नाही.

जुना_मेकॅनिक

गोदाम आहे म्हणताय, वर लोखंडी गर्डर असेल तर त्याहून सोपं. एक टनाची चेनकप्पी लटकवा, डब्याखालून दोन पट्टे घ्या, एकटा माणूस आरामात उचलेल. पण गर्डर छताच्या पत्र्याचा असेल तर त्याला लटकवू नका, तो पत्र्याचाच भार घ्यायला असतो. आधी कोणा जाणकाराला दाखवा.

भांडुपकर

गर्डर पत्र्याचाच निघाला, म्हणून सेंटरिंगच्या जॅकवर गेलो. सुतारकी दादा, तुम्ही सांगितलेले कान ट्यूबमध्येच सरकणारे केले, वापर नसला की आत जातात, त्यामुळे रुंदी पण वाढत नाही. मी आणि पुतण्या दोघांनी डबा उचलून ट्रेलर बाहेर काढला. भाऊ बघत होता, त्याने मग स्वतःच सगळ्यांना फोन करून सांगितलं.

फिरून पण आलो. कसारा चढून इगतपुरीच्या पुढे भंडारदऱ्याला गेलो. हूकवरचा भार सामानासकट ५४ किलो भरला होता, ट्रेलर जराही हलला नाही, ६० च्या वर मी गेलोच नाही. घाटात मागून गाड्या येत होत्या त्यांना जमेल तिथे बाजूला घेऊन पुढे सोडत गेलो. आरशात डब्याची रुंदी गाडीच्या आत बसते त्यामुळे बाजूच्या आरशांतून नीट दिसतं, आतल्या आरशात मात्र फक्त डबाच. पहाटे फार थंडी होती पण आत भिंत कोरडी, दोन्ही छोटे फॅन रात्रभर चालू होते. मुलगी म्हणाली घरापेक्षा मस्त झोप लागली.

काळा_कोट

वा, अभिनंदन. भंडारदरा परिसरात अभयारण्याची हद्द आहे, म्हणून तिथे मुक्काम नेहमी गावातल्या खाजगी जागेत, मालकाची परवानगी घेऊन. तुम्ही तसंच केलं असेल.

भांडुपकर

हो, गावातल्या एका घराच्या खळ्यात लावला होता, जेवण पण त्यांच्याकडेच. नाचणीची भाकरी आणि ठेचा.

रानवारा

धागा आजच वाचला, अफाट माहिती आहे. मी ठाण्यात राहतो, ट्रेलर नाहीये, नवीन घ्यायचाय. नुसता कॅम्परसाठीच घ्यायचा असेल तरी काढता येणारा डबाच करावा का? की डायरेक्ट बांधून घेऊ? महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण पण आलंय ना २०२१ मध्ये.

भांडुपकर

मी असतो तर काढता येणाराच केला असता. मुंबई-ठाण्यात ७ फुटाचा ट्रेलर कसाही उभा करता येतो, फळ्या काढल्या की हूक वर करून भिंतीला टेकवून बांधता पण येतो, बंद कॅम्परला मात्र गाडीएवढी कायमची जागा लागते आणि ती आपल्याकडे सगळ्यात महाग. डबा तुम्ही गावाला, सासरी, कोणाच्या तरी पडवीत ठेवू शकता, ताडपत्री घालून. शिवाय ट्रेलर घरात असला की शिफ्टिंग, कपाट, गणपतीची मूर्ती, सगळ्याला कामाला येतो. ते धोरण पर्यटन व्यवसायासाठी आहे, कॅराव्हॅन पार्क वगैरे, आपल्या घरच्या डब्याला त्याचा थेट उपयोग नाही. ट्रेलर घेताना मात्र पासिंगचाच घ्या, काळा कोट साहेबांनी वर लिहिलंय ते परत वाचा.

रानवारा

समजलं. शेवटचा प्रश्न, स्टेपनी वेगळी ठेवता का? बोलेरोची तर बसणार नाही.

जुना_मेकॅनिक

वेगळीच, आणि ती ट्रेलरच्या दांड्यावर पुढे बांधा, हूकवर थोडा भार पण मिळतो. जॅक बोलेरोचा चालेल का ते घरीच लावून बघा, ट्रेलरचा अ‍ॅक्सल बराच खाली असतो, पंक्चर झाल्यावर तो अजून खाली बसतो आणि उंच जॅक खाली शिरतच नाही. छोटा कैचीचा जॅक आणि एक प्लायचा तुकडा ट्रेलरमध्येच ठेवा. व्हील नटला पाना वेगळा लागत असेल तर तो पण. आणि सेफ्टी चेन दोन घ्या, हूकच्या खालून एकमेकींवर क्रॉस करून लावा, म्हणजे हूक सुटलाच तर ट्रेलरचं तोंड चेनवर झेललं जातं, रस्त्यात घुसत नाही.

रानवारा

धन्यवाद काका. रविवारी दारूखान्याच्या लोखंड-भंगार बाजारात जाऊन अ‍ॅल्युमिनियम ट्यूबचे भाव काढतो आणि नवीन धागा टाकतो.